बाल्डर्स गेट ३: पॅलाडिनचे २७ पॉइंट कसे वाटावेत? लेव्हल ४ला फीट का आलं नाही?

वेताळटेकडी

पहिला अ‍ॅक्ट, बॅलन्स्ड डिफिकल्टी. ओथ ऑफ व्हेंजन्सचा पॅलाडिन, हातात ग्रेटस्वोर्ड. बोलणं, लढणं आणि मार झेलणं तिन्ही जमावं म्हणून पॉइंट सगळीकडे सारखे वाटले आहेत. शीट अशी:

स्ट्रेंग्थ १५, डेक्स (डेक्स्टेरिटी) १३, कॉन (कॉन्स्टिट्यूशन) १३, इंट (इंटेलिजन्स) १०, विस्डम १३, करिश्मा १४.

यात सुरुवातीचे +२ स्ट्रेंग्थला आणि +१ करिश्माला धरलेले आहेत. पहिल्या तीन लेव्हल पॅलाडिन आणि चौथी वॉरलॉक, कारण लांबून मारायला एल्ड्रिच ब्लास्ट हवा होता.

अडचण ही की गॉब्लिन कॅम्पमध्ये निम्मे वार फुकट जातात. साथीदार शाडोहार्टचा फायर बोल्ट तर लागतच नाही म्हटलं तरी चालेल. लेव्हल ४ला फीट (निवडून घ्यायची जादा क्षमता) मिळतं असं सगळीकडे वाचलं, ते आलंच नाही. हा बग आहे का? करिश्मा वाढवला तर डिव्हाइन स्माइटचं डॅमेज वाढतं का? आणि हे सगळं दुरुस्त करायला नवा गेम सुरू करावा लागेल का? पॅलाडिन-वॉरलॉक ही जोडी शेवटपर्यंत ठेवायची आहे.

वीसबाजूंचा_फासा

बग नाही. फीट कॅरेक्टरच्या लेव्हलवर मिळत नाही, त्या त्या क्लासच्या ४, ८ आणि १२व्या लेव्हलवर मिळतं. फायटरला ६ला आणि रोगला १०ला एक जादा. तुमचा पॅलाडिन अजून ३वरच आहे आणि वॉरलॉक १वर, म्हणून काही आलं नाही. गेमची कमाल लेव्हल १२ आहे, त्यामुळे वाटणी आधीच ठरवून ठेवा. पॅलाडिन ८ + वॉरलॉक ४ केलं तर तिन्ही फीट मिळतात. ६ + ६ केलं तर दोनच. ७ + ५ केलं तरी दोनच.

आता आकड्यांचं. मूळ आकडा ८ ते १५ मध्ये ठेवता येतो आणि त्याची किंमत अशी आहे: ८ फुकट, ९ ला १, १० ला २, ११ ला ३, १२ ला ४, १३ ला ५, १४ ला ७, १५ ला ९. म्हणजे १३ पर्यंत प्रत्येक पायरी एका पॉइंटची, त्यापुढच्या दोन पायऱ्या दोन-दोनच्या. तुम्ही पाच ठिकाणी १३ (५ × ५ = २५) आणि इंटला १० (२) घेतलं. २७ पूर्ण झाले, हिशोबात चूक नाही.

गेम मात्र हा आकडा जवळपास कुठेच वापरत नाही. वापरतो तो मॉडिफायर: आकड्यातून १० वजा, भागिले २, अपूर्णांक आला तर खालचा पूर्णांक. १२ आणि १३ दोन्हींना +१. १४ आणि १५ दोन्हींना +२. तुमच्या शीटवर १५, १३, १३, १३ असे चार विषम आकडे आहेत. त्या प्रत्येकावर एक पॉइंट पडून आहे आणि लढाईत त्याचं काहीही होत नाही.

पॉइंट लावताना हे धरून चला: ८ वरून १० ला २ पॉइंट, १० वरून १२ ला २, १२ वरून १४ ला ३. एवढ्यात दर वेळी एक मॉडिफायर पदरात पडतो. १४ वरून १५ ला मात्र २ पॉइंट जातात आणि मॉडिफायर जागचा हलत नाही. त्यामुळे १५ तिथेच घ्यायचा जिथे वरून +१ किंवा +२ बसवायचा आहे. दोन १६ हवे असतील तर सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे १५+१ आणि १४+२. त्यात १६ पॉइंट जातात, ११ उरतात.

ग्रेटस्वोर्डवाल्या पॅलाडिनला मी हे सुचवेन:

स्ट्रेंग्थ १५+१=१६, डेक्स १०, कॉन १४, इंट ८, विस्डम १०, करिश्मा १४+२=१६.

९+२+७+०+२+७ = २७. सगळ्या मॉडिफायरची बेरीज केली तर ती ७ येते. तुमच्या शीटचीही ७च आहे. म्हणजे तुम्ही काही गमावलेलं नाही. फक्त ते +१ डेक्स आणि विस्डममध्ये जाऊन बसलेत, जिथे या कॅरेक्टरला त्यांचा उपयोग कमी.

स्माइटबद्दल: नाही. डिव्हाइन स्माइटला पहिल्या लेव्हलच्या स्लॉटवर (स्पेलसाठी खर्च होणारी जागा) २ड८ (आठ बाजूंचे दोन फासे) मिळतात, वरच्या प्रत्येक स्लॉट-लेव्हलला एक ड८ वाढतो, क्रिटिकल लागला तर फासे दुप्पट. यात करिश्मा कुठेच नाही. करिश्मा लागतो तो स्पेलच्या डीसीला (शत्रूला फाशावर गाठावा लागणारा आकडा: ८ + लेव्हलबरोबर वाढणारी प्रोफिशियन्सी + मॉडिफायर), एल्ड्रिच ब्लास्टच्या टू-हिटला (वार लागतो का ते बघताना फाशात मिळवायचा आकडा), संवादांना, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पॅलाडिन ६च्या ऑरा ऑफ प्रोटेक्शनला. तिथे तुमचा करिश्मा मॉडिफायर ३ मीटरच्या आतल्या सगळ्या साथीदारांच्या सेव्हिंग थ्रोमध्ये (स्पेलसारख्या गोष्टींचा परिणाम टाळायचा फासा) मिळवला जातो. म्हणून पॅलाडिनचा करिश्मा वाढवायचा तो ऑरासाठी.

तिठ्यावरचा_गुरव

वरचं सगळं बरोबर. पण वार हुकण्यामागचं मोठं कारण लेव्हल ५ला समोर येईल, म्हणून ते आत्ताच मांडतो.

शत्रूचा आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १५ धरू. तुमचा टू-हिट सध्या प्रोफिशियन्सी २ + स्ट्रेंग्थ २ = +४. फाशावर ११ किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे ५० टक्के. निम्मे वार हुकतायत हे तुमचं निरीक्षण तंतोतंत बरोबर आहे. स्ट्रेंग्थ १६ असती तर +५ आणि ५५ टक्के. फरक एवढाच. चौथ्या लेव्हलपर्यंत कोणीही थोडंफार हुकतंच.

लेव्हल ५ला प्रोफिशियन्सी ३ होते आणि पॅलाडिन ५ला एक्स्ट्रा अटॅक मिळतो. तोही क्लासच्या लेव्हलवर. तुम्ही पॅलाडिन ४ + वॉरलॉक १ असाल तर एका अ‍ॅक्शनमध्ये एकच वार. चौथ्या लेव्हलच्या फीटमधून स्ट्रेंग्थ १५ची १७ केलीत असं धरू: टू-हिट +६, म्हणजे ६० टक्के, ग्रेटस्वोर्डचं सरासरी डॅमेज २ड६ + ३ = १०. एका फेरीत सरासरी ६.

आता सरळ पॅलाडिन ५ घ्या, सुरुवातीला स्ट्रेंग्थ १५+२=१७ ठेवलेली, आणि फीट हेवी आर्मर मास्टर, जे स्वतःबरोबर स्ट्रेंग्थला +१ देतं. स्ट्रेंग्थ १८, टू-हिट +७, म्हणजे ६५ टक्के, सरासरी ११, वार दोन. ०.६५ × ११ × २ = १४.३.

ग्रेट वेपन फायटिंगचे री-रोल, क्रिटिकल, जादुई तलवार यातलं काहीच धरलेलं नाही, तरी दुपटीहून जास्त फरक पडतो. आणि ही तफावत नेमकी पहिल्या अ‍ॅक्टच्या उत्तरार्धात पडते, जिथे अंडरडार्क आणि गिथयांकी क्रेशच्या लढाया येतात. एल्ड्रिच ब्लास्टच्या एका लेव्हलसाठी ही किंमत फार आहे. लांबून मारायला धनुष्य आहे, भाले आहेत. स्ट्रेंग्थवाल्या पॅलाडिनने भाला फेकला तर टू-हिट स्ट्रेंग्थवरच धरला जातो.

विषम आकडा नेहमीच वाया जातो असं मात्र नाही. १७ ही संख्या मुद्दाम घेण्यासारखी आहे, पण तिला १८ करणारी गोष्ट आधीच हेरून ठेवलेली असेल तरच. अर्धी फीट्स (हेवी आर्मर मास्टर, अ‍ॅथलीट, रेझिलियंट, करिश्मासाठी अ‍ॅक्टर) ही एक वाट. अ‍ॅबिलिटी इम्प्रूव्हमेंट घेऊन दोन विषम आकड्यांना एकेक देणं ही दुसरी. तिसरी चेटकीण आंटी एथेलच्या केसांची बट, जी तुमच्या पसंतीच्या एका आकड्याला कायमचा +१ देते.

ती बट मिळवताना बहुतेकांचं एकाच जागी बिनसतं. एथेलचे हिट पॉइंट अगदी कमी झाले की तिची पाळी आल्यावर ती स्वतः बोलायला थांबते आणि सौदा करते. तिच्या पाळीआधी ती मेली तर सौदाच होत नाही. शेवटी शेवटी स्माइट, फायरबॉल, अनेक बाणांचे वार बंद करा. ती खाली आली की साध्या लहान वारांनी थोडं थोडं कमी करा आणि पाळी तिच्यावर सोडा. बट कोणत्याही एका साथीदाराला वापरता येते. नंतर रिस्पेक (क्लास आणि पॉइंट नव्याने लावणं) केलं तरी तो +१ जात नाही.

अक्षरशत्रू

शाडोहार्टचं वेगळं कारण आहे. फायर बोल्ट तिला क्लेरिक म्हणून मिळालेला नाही, ती हाय हाफ-एल्फ आहे म्हणून जातीबरोबर आलेली ती कँट्रिप (स्लॉट न लागणारा साधा स्पेल) आहे आणि ती इंटेलिजन्सवर चालते. तिचं इंट १०, मॉडिफायर शून्य. तिने सेक्रेड फ्लेम किंवा गायडिंग बोल्ट वापरावा. ते दोन्ही विस्डमवर चालतात, आणि विस्डम हाच तिचा मोठा आकडा.

त्याहून उत्तम म्हणजे लढाईच्या पहिल्या फेरीत तिला ब्लेस टाकू द्या. तीन जणांना प्रत्येक टू-हिटवर आणि सेव्हवर १ड४, म्हणजे सरासरी २.५ मिळतात. टू-हिटमध्ये हे साधारण १२ टक्क्यांनी वाढतं, एका फीटपेक्षा जास्त. फक्त ते कॉन्सन्ट्रेशनवर चालतं. तिला मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह द्यावा लागतो, डीसी १० किंवा बसलेल्या डॅमेजच्या निम्मा, जो मोठा असेल तो. म्हणून तिला मागे उभं करा.

माउस शत्रूवर नेला की टक्केवारी दिसते, ती बघायची सवय लावा. अंधारातला शत्रू, खालून वर मारलेला बाण, तोंडाशी आलेला शत्रू असताना सोडलेला बाण या तिन्हींनी टक्के पडतात, मग शीट कितीही चांगली असो.

वेताळटेकडी

फीटचं आणि फायर बोल्टचं आता लख्ख कळलं, मनापासून आभार. म्हणजे नवा गेम नको, विदर्सकडे (पैसे घेऊन क्लास बदलून देणारं पात्र) जाऊन रिस्पेक. त्यात काय जातं आणि काय राहतं? आणि डेक्स १० ठेवायचं म्हणजे लढाईत माझी पाळी कायम शेवटी येणार का?

वीसबाजूंचा_फासा

विदर्स जहाज कोसळलं त्या किनाऱ्याजवळच्या भग्न मंदिराखालच्या तळघरात आहे. तिथे गेला नाहीत तरी तो पुढे आपणहून कॅम्पमध्ये येतो. क्लास बदलायचं सांगा, दर वेळी १०० सोन्याची नाणी. एक्सपिरियन्स जात नाही. कॅरेक्टर लेव्हल १वर येतं, क्लास आणि २७ पॉइंट नव्याने लावायचे, मग लेव्हल अपचं बटण दाबत पुन्हा ४पर्यंत यायचं. रेस बदलत नाही. साथीदाराचं करायचं असेल तर त्या साथीदारालाच निवडून विदर्सशी बोलायचं.

परत आल्यावर तीन गोष्टी तपासा. तयार ठेवलेले स्पेल पुन्हा निवडावे लागतात. हॉटबार विस्कटलेला असतो. रिअ‍ॅक्शनच्या पानावर स्माइटच्या रिअ‍ॅक्शनसमोर "विचारा" चालू आहे ना ते बघा. ते असलं की वार लागल्यावर गेम विचारतो आणि क्रिटिकल पडला तेव्हाच मोठा स्लॉट खर्च करता येतो.

पहिली लेव्हल पॅलाडिनचीच ठेवा. हेवी आर्मरची प्रोफिशियन्सी सुरुवातीच्या क्लासमधून येते, नंतर मल्टिक्लास करून पॅलाडिन घेतला तर ती येत नाही. सेव्हिंग थ्रोच्या प्रोफिशियन्सीही पहिल्या क्लासच्याच. पॅलाडिन आणि वॉरलॉक दोघांच्या विस्डम आणि करिश्मा अशाच आहेत, म्हणून तुमच्या जोडीत तिथे फरक पडत नाही.

तिठ्यावरचा_गुरव

डेक्सची शंका रास्त आहे. पटावरच्या डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत (हा गेम तिच्यावरच बेतलाय) इनिशिएटिव्हला, म्हणजे पाळीचा क्रम ठरवायला, वीस बाजूंचा फासा टाकतात. या गेममध्ये १ड४ टाकतात आणि डेक्स मॉडिफायर मिळवतात. फासा एवढा लहान असल्यामुळे +२ म्हणजे फार मोठी आघाडी. म्हणून इथे डेक्सचं मोल पुस्तकातल्यापेक्षा जास्त.

पण हेवी आर्मर घातलेल्याला डेक्सचा आर्मर क्लासमध्ये काहीच फायदा नाही. मीडियम आर्मरमध्ये जास्तीत जास्त +२ मिळतो, लाइटमध्ये पूर्ण. म्हणजे तुमच्यासाठी डेक्स फक्त इनिशिएटिव्ह आणि डेक्सचे सेव्ह. १० वरून १४ ला ५ पॉइंट जातील. ते कॉनमधून काढावे लागतील आणि ते मी करणार नाही. पॅलाडिनला लेव्हल १ला १० + कॉन मॉडिफायर आणि पुढे दर लेव्हलला ६ + मॉडिफायर. लेव्हल १२ला कॉन १४वर १०० हिट पॉइंट, कॉन १०वर ७६.

कॉनची एक बाजू मात्र सोयीची आहे. आकडा नंतर वाढवला तरी आधीच्या सगळ्या लेव्हलचे हिट पॉइंट मागून जमा होतात. मोरोविंडमध्ये (२००२) तसं नव्हतं. तिथे दर लेव्हलला त्या वेळच्या एंड्युरन्सचा दहावा भाग मिळायचा आणि मागचं काही भरून यायचं नाही, म्हणून लोक एंड्युरन्स सगळ्यात आधी वाढवत. ती सवय घेऊन इथे आलात तर कॉनवर नको तितके पॉइंट पडतात.

विषम आकड्यांची पायरीही प्रत्येक गेममध्ये असते असं नाही. पहिल्या फॉलआउटमध्ये (१९९७) अ‍ॅक्शन पॉइंट म्हणजे ५ + अ‍ॅजिलिटीचे निम्मे, त्यामुळे अ‍ॅजिलिटी ८ आणि ९ दोन्हींना ९च मिळतात. उलट पिलर्स ऑफ इटर्निटीत (२०१५) माइटच्या दर पॉइंटला ३ टक्के डॅमेज, सम-विषम काही नाही. म्हणून नवा गेम हाती घेताना आधी बघायचं की आकडा पायरीने वाढतो की सरळ रेषेत.

भरतीओहोटी

वॉरलॉक ठेवायचाच असेल तर एक्स्ट्रा अटॅक आल्यानंतर ठेवा, आणि ठेवायचाच तर हेक्सब्लेड. हा सबक्लास पॅच ८मध्ये, एप्रिल २०२५ला आला. वॉरलॉकच्या पहिल्याच लेव्हलला शस्त्र बांधून घेतलं की टू-हिट आणि डॅमेज करिश्मावर जातं. मग स्ट्रेंग्थची गरज उरत नाही, कारण या गेममध्ये हेवी आर्मरला स्ट्रेंग्थची अट नाही. शीट अशी होते:

स्ट्रेंग्थ ८, डेक्स १४, कॉन १५+१=१६, इंट ८, विस्डम १०, करिश्मा १५+२=१७.

०+७+९+०+२+९ = २७. वार, स्पेल, ऑरा, संवाद सगळं एकाच आकड्यावर. अ‍ॅक्टर फीटने किंवा बटेने करिश्मा १८. डेक्स १४ असल्याने इनिशिएटिव्हचा प्रश्नही सुटतो. तोटे: उडी आखूड होते, ओझं कमी उचलता येतं, धक्का देणं जमत नाही, भाले फेकणं विसरायचं. आणि शस्त्र बदललं की ते पुन्हा बांधायला लागतं. नवी तलवार हाती घेऊन लढाईत उतरलात आणि बांधायचं राहिलं तर स्ट्रेंग्थ ८वर वार जातात, टक्केवारी एकदम कोसळते.

मी मात्र वॉरलॉक लेव्हल ७ला घेईन, ६ला नाही. पॅलाडिन ६चा ऑरा एवढा मोलाचा आहे की त्याच्या आधी काहीही घालू नये. विस्डम १० असली तरी पॅलाडिनची प्रोफिशियन्सी ३ आणि ऑराचे ३ मिळून होल्ड पर्सनच्या सेव्हला +६ होतात, आणि बाजूला उभ्या असलेल्या गेल या साथीदारालाही +३. फक्त पॅलाडिन बेशुद्ध पडला की ऑरा बंद.

वेताळटेकडी

म्हणजे आत्ता स्ट्रेंग्थवाली शीट, लेव्हल ६पर्यंत सरळ पॅलाडिन, ७ला रिस्पेक करून हेक्सब्लेडवाली. बरोबर ना? शेवटचं एक: स्क्रोल वापरण्यासाठी विझार्डची एक लेव्हल घ्यावी असं काही जण म्हणतात. घ्यावी का?

अक्षरशत्रू

क्रम बरोबर आहे. ग्रेट वेपन मास्टरचा मोह मात्र लेव्हल ४ला आवरा. टू-हिटवर –५, डॅमेजवर +१०. तुमच्या +५चं शून्य होतं, आर्मर क्लास १५ला ३० टक्केच उरतात. ०.३० × २० = ६ आणि साध्या वाराचे ०.५५ × १० = ५.५, म्हणजे नफा अर्ध्या पॉइंटचा आणि हुकणं दीडपटीहून जास्त. ब्लेस असेल तेव्हा ८.५ विरुद्ध ६.७५ होतं, तेव्हा ते परवडतं. लेव्हल ८ला घ्या.

विझार्डची लेव्हल नको. स्क्रोल वाचायला या गेममध्ये क्लास लागतच नाही, कोणीही वाचतो. उलट स्क्रोल आणि वस्तूंमधले स्पेल तुम्ही सगळ्यात शेवटी जो नवा क्लास घेतला असेल त्याच्या आकड्यावर चालतात. शेवटचा क्लास विझार्ड असला तर इंट ८, म्हणजे –१. वॉरलॉक शेवटचा असला तर करिश्मा. पुढेमागे विझार्ड घेतलातच तर रिस्पेक करताना तो वॉरलॉकच्या आधी घ्या.